जयवंता आत्याचे पाय

माझ्या आत्याचे पाय कधी स्वस्थ बसायचे नाहीत आणि लहानपणापासून मला त्याचा राग यायचा. सुट्टीत तिच्याकडं गेलं की दुपारी तिच्या शेजारी झोपावं लागे आणि अंगावरची वाकळ सारखी हलत राही. टाच खाली, चवडा वर. चवडा खाली, टाच वर. झोपेतसुद्धा बाईचं शिलाई मशीन चालूच. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा वैतागून उठले आणि सरळ तिच्या पायांवर जाऊन बसले. ते मला घेऊन हलत राहिले.

जयवंता आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान गंगाराम, आमचे मामा, वालचंदनगरच्या कंपनीत फिटर होते. कंपनीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या. त्यातल्या पुढच्या खोलीत दाराला लागून आत्याचं पायमशीन होतं. साहेब लोकांच्या बायका आणि हेल्परच्या बायका एकाच बाकावर बसून आपापल्या ब्लाऊजची वाट बघायच्या. मापाची वही तिनं कधी ठेवली नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप आत्याच्या डोक्यात गेलेलं असायचं. कुणी मापाला जुना ब्लाऊज आणलाच तर तो हातात धरून म्हणायची, "ह्यो लग्नातला हाय, बाई. आता तुझं पोरगं धाव्वीला गेलं." बाई लाजायची आणि गुपचूप टेपसमोर उभी राहायची.

मामा रिटायर झाले तशी क्वार्टर सोडावी लागली. दोघं निरवांगीला आपल्या घरी राहायला आली. सामानाच्या टेम्पोत मशीन सगळ्यात शेवटी चढलं आणि सगळ्यात आधी उतरलं. ओट्यावर, उजेडाच्या बाजूला, त्याची जागा ठरली.

तिचा एक नेम होता. वर्षभरात निरवांगीच्या आमच्या वस्तीत जेवढी बाळं जन्मतील तेवढी पांढरी झबली ती वैशाखी पौर्णिमेच्या आधी शिवायची. बाळ पहिल्यांदा विहारात यायचं ते जयवंताच्या झबल्यात. बत्तीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता. माझ्याही मुलीचं झबलं तिनंच शिवलेलं, आणि ते शिवताना, लहानपणी तिच्याकडं मशीन शिकताना मी केलेल्या चुका सगळ्या बायकांना पुन्हा ऐकवलेल्या.

तीन वर्षांपूर्वी तिची कंबर दुखायला लागली. आधी कंबर, मग मांडीतून पोटरीपर्यंत आग. ओट्यावरून रस्त्यापर्यंत जायचं तर मध्ये दोनदा टेकायची. मशीनवर दहा मिनिटं बसली की अकराव्या मिनिटाला उभी. शेवटी गेल्या जानेवारीत बारामतीला मणक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मणक्यातली नळी अरुंद झालीय, आतल्या नसा दबल्यात, ऑपरेशन करून जागा मोकळी करावी लागेल. आत्यानं एकच प्रश्न विचारला.

"मशीन चालवता येईल का?"

"त्याच्यासाठीच तर करायचं," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद आला. मी काटेवाडीच्या शाळेत शिक्षिका आहे, तेव्हा वाचायचं काम माझं. संसर्ग, रक्तस्राव, आत रक्ताची गाठ, क्वचित पाय लुळे पडणे. डॉक्टरांनी एकेक समजावूनही सांगितलं. आम्ही माना हलवल्या. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आपण जशी वाचतो तशी मी ती वाचली, हे आता कबूल करायला हवं. आत्या म्हणाली, "तू वाचलंस न्हवं? मग दे हिकडं पेन."

मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं. संध्याकाळपर्यंत ती वॉर्डात आली आणि गुंगी उतरायच्या आधीच चादरीखाली पाय सुरू झाले. पाठीच्या जखमेतून एक बारीक नळी बाहेर काढून बाटलीला जोडली होती, आत साठणारं रक्त निघून जावं म्हणून. साक्षी नावाची सिस्टर दर दोन तासांनी यायची, बाटली बघायची आणि म्हणायची, "मावशी, पायाचे अंगठे हलवून दाखवा."

"थांबवून दाखवा म्हण," आत्या म्हणाली. "हलवायचं काय सांगतीस?"

सगळा वॉर्ड हसला. आत्याचा मुलगा बुद्धघोष पुण्याहून आला होता, तो निर्धास्त होऊन बुधवारी सकाळी परत गेला. मामा म्हशीची धार काढायला निरवांगीला गेले. सोबतीला मी एकटी राहिले. रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्याचं खापर मी त्या पायांवरच फोडलं होतं. "आत्या, पाय शांत ठेव की जरा," असं मी तिला तीनदा तरी डाफरले असेन.

बुधवारी दुपारी तिला पेज भरवली. दीड वाजला असेल. मी सहज पायथ्याकडं बघितलं तर चादर सपाट. अजिबात हालचाल नाही. बाटलीकडं बघितलं, तर सकाळी सिस्टरनं बाटलीवर मारलेल्या रेघेपासून रक्तही वर चढलेलं नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. रक्त थांबलं, पाय थांबले, म्हातारी आता बरी व्हायला लागली.

"प्रगती," ती म्हणाली, "पाय झोपल्यात गं."

"झोपू देत," मी म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा झोपलेत. तूही झोप."

आमच्याकडं पाय झोपणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत असतं. मांडी घालून बसलं, पायावर वजन पडलं, की पाय झोपतो. उठून चार पावलं आपटली की जागा होतो. त्यासाठी कुणी डॉक्टर बोलवत नाही.

दोन वाजता साक्षी सिस्टर आली. "अंगठे बघायचेत," ती हळू आवाजात म्हणाली. आत्याचे डोळे मिटलेले होते. मी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "आत्ताच डोळा लागलाय हो. नंतर बघा ना." ती जराशी घुटमळली. तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरच्या बाईनं हाक मारली आणि ती तिकडं गेली. मी स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आत्या छताकडं बघत पडली होती. मी कॉटच्या पायथ्याशी सरकले आणि सवयीनं तिचे पाय दाबायला लागले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मग परत खाली. पाच मिनिटं तरी दाबत असेन. शाळेतल्या काहीबाही गोष्टी सांगत होते.

"प्रगती," आत्या म्हणाली, "रिकामीच बसलीस तर जरा पाय दाब की."

माझे हात तिच्या पोटरीवर तसेच राहिले. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते.

मी ओरडले, सिस्टर धावत आली. तिनं चादर बाजूला केली, अंगठे हलवायला सांगितले. आत्यानं कपाळाला आठ्या घालून जोर लावला. काही नाही. साक्षीनं टाचणी काढली आणि तळव्यापासून वर टोचत गेली. आत्याला ती गुडघ्याच्या वर आल्यावर कळली. "बारा वाजता हलत होते," साक्षी एवढंच म्हणाली. दोन वाजताचं तिनं काढलं नाही. मी ते कधीच विसरणार नाही.

डॉक्टर तपासणीचे पेशंट तसेच बसवून वर आले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं आणि ते मलाच सांगावं लागलं. "दीडपासून." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. लगेच एमआरआय झाला. नळीच्या तोंडाशी गुठळी अडकली होती. म्हणून बाटली भरत नव्हती. रक्त बाहेर यायचं थांबलं होतं, आत यायचं थांबलं नव्हतं. ते मणक्यात साठून, त्याची गाठ होऊन नसांवर बसलं होतं.

"लगेच उघडून गाठ काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "जितका उशीर तितकं नुकसान. आणि पाय परत येतीलच अशी खात्री मी देत नाही. घरचं कोण आहे सही करायला?"

मामा एसटीत होते, फोन लागत नव्हता. बुद्धघोष पुण्यात. मी पुढं झाले, तर आत्यानं हात वर केला.

"पाय माझं हायत. सही मीच करनार." तिनं आडवं पडूनच कागदावर नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर नीट. मग डॉक्टरांकडं बघून म्हणाली, "तुमी तुमची शिवन उसवा. गाठ काढा. म्होरलं माझं मी बघते."

पाच वाजता तिला पुन्हा आत नेलं आणि सातच्या आधी बाहेर आणलं. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. इतका थोडा हलला की साक्षी सिस्टरनं दोनदा हलवायला लावून खात्री केली, आणि मग ती आणि मी, दोघी रडलो. आत्या रडली नाही. "एक आला," ती म्हणाली. "दुसरा मागनं येतोय."

दुसरा काही येईना. लघवीची नळी पंधराव्या दिवशी निघाली, डाव्या पायात हळूहळू जोर भरला, पण उजवं पाऊल घोट्यातून खाली लोंबकळत राहिलं. अठराव्या दिवशी वॉकर आणि कमरेचा पट्टा घेऊन ती निरवांगीला गेली. नसेला वेळ लागतो, डॉक्टर म्हणाले, महिने जातील, जेवढं यायचं तेवढं येईल. व्यायाम सोडू नका.

गावाकडं बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणारी प्रत्येक बाई पायांकडं बघून चुकचुकायची. एकीनं तर पदर डोळ्याला लावून म्हटलं, "पाय गेलं म्हनायचं की गं जयवंता."

"गेल्यात कुठं?" आत्या म्हणाली. "हितंच हायत, बघ की. जरा आळशी झाल्यात."

मी दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं जायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची. कामात मदत म्हणून, असं मी सांगायची. खरं म्हणजे मला घरी चैन पडत नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझं बोट ओठांवर जायचं आणि मला स्वतःचीच किळस यायची.

मार्चमध्ये बसायची परवानगी मिळाली. बुद्धघोष त्याच आठवड्यात मशीनला जोडायची मोटर घेऊन आला. "आई, एका पायानं दाबायचं. डावा पाय पुरे." त्यानं ती बसवूनसुद्धा दिली. आत्यानं एक टीप मारून बघितली, चांगली पडली. मग म्हणाली, "काढ ही."

"का पण?"

"मोटर कापड शिवंल. पायाला काय शिकिवनार?"

मोटर फडक्यात गुंडाळून कपाटावर गेली. बुद्धघोष माझ्याकडं बघून म्हणाला, "तू तरी सांग तिला." मी कोण सांगणार? मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले.

त्या रविवारी दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. मामा गोठ्यात होते. माझ्यानं राहवलं नाही. "आत्या," मी म्हणाले, "त्या दिवशी दोन वाजता सिस्टर अंगठे बघायला आली होती. मीच तिला माघारी पाठवलं. तुझा डोळा लागलाय म्हणून."

तिनं पाय मागं घेतला नाही. घेता येतही नव्हता.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मी जागीच व्हते."

मला कळेना ती काय बोलतेय.

"डोळं मिटून पडले व्हते. पाय जड झाल्यालं मला दीडालाच कळलं व्हतं. पर तू सगळी रात जागी. म्हनलं, आता पाय हलंनात तर पोरीला घटकाभर झोप मिळंल. तू तिला न्हाय म्हनलीस, मी बी गप बसले."

मी तिच्या पायावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. तिनं बराच वेळ रडू दिलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारली.

"दोघींनी मिळून झोपिवल्यात. आता दोघींनी मिळून उठवू. ऊठ, कागद आन."

कागद कशाला, ते मी लगेच ओळखलं. शाळकरी वयात तिनं मला मशीन शिकवलं तेव्हा पहिले आठ दिवस दोरा ओवू दिला नव्हता. बिनदोऱ्याची सुई, खाली वर्तमानपत्राचा कागद, आणि त्यावर सरळ रेघेत भोकं पाडत जायचं. शिकाऊ पाय एकसारखे पडत नाहीत, चाक मध्येच उलटं फिरतं. दोरा असला की तो तटकन तुटतो, म्हणून आधी कागद. माझी भोकं म्हणजे मुंग्यांची वाट, असं ती तेव्हा सगळ्या क्वार्टरला सांगत फिरली होती.

आता ती शिकाऊ होती. पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून मी तिचं उजवं पाऊल पायडलला सैलसर बांधलं. शेजारी डावा पाय. तिनं हातानं वरच्या चाकाला झोका दिला, डाव्यानं जोर लावला, उजवा फरफटत गेला आणि चाक उलटं फिरलं. पुन्हा झोका. पुन्हा उलटं. मी खाली फरशीवर मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी तिचं उजवं पाऊल धरलं आणि डाव्याच्या तालावर हलवायला लागले. टाच, चवडा, टाच, चवडा. पाच मिनिटांत तिच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांच्या वर बसू नका सांगितलं होतं आणि मी घड्याळ समोर ठेवलं होतं, नाहीतर ती उठलीच नसती.

कागद बाहेर निघाला. मी तो उजेडात धरला.

"आत्या," मी म्हणाले, "मुंग्यांची वाट."

"जुना दावा नको उकरूस," ती चिडून म्हणाली, मग हसली. "दुसरा आन."

पुढचा महिना आम्ही असाच काढला. एरवी रोज मामा फरशीवर बसायचे. जन्मभर अवजड यंत्रं जुळवलेला माणूस बायकोचा पाय हातात धरून तिच्या शिव्या खायचा. "हळू. फिटर हायसा का लोहार?" असं ती म्हणायची आणि ते मुकाट्यानं हात सैल करायचे. घरातली सगळी रद्दी संपली. शेजारची आणली, तीही संपली.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी मी पोचले तर दोघं माझी वाट बघत होती. "पाय धर," आत्या म्हणाली. मी धरला, हलवायला लागले. "आता सोड." मी सोडला. तिनं डावा पाय पायडलवरून उचलला आणि वर धरला. उजव्या पायाचा चवडा दाबला गेला. टाच उठली नाही, चवडाच जरासा, पण चाकानं पाऊण फेरा घेतला आणि सुलटा घेतला. मी कधी आनंदानं ओरडत नाही, पण त्या दिवशी शेजारची बाई काय झालं म्हणून विचारायला आली.

यंदा वस्तीत सहा बाळं होती. बुद्धघोषनं फोनवर सांगून बघितलं, "आई, यंदा रेडिमेड आणू." तिनं फोन मामांच्या हातात दिला. दिवसाला पंधरा मिनिटं, मग वीस. एक झबलं पाच दिवस चाललं. दोरा किती वेळा तुटला त्याचा हिशेब नाही. तुटला की ती पुन्हा ओवायची, गाठ मारायची आणि तिथूनच पुढं जायची. सहाव्या झबल्याची शेवटची टीप वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी पडली. पट्टी बांधलेलीच होती. ती अजूनही बांधावी लागते, घराबाहेर काठीही लागते, आणि उजव्या पायाची करंगळी अजून तिला स्वतःची वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढं आलं तेच खूप. ती म्हणते, अजून यायचंय.

त्या दुपारी मी झबल्यांना इस्त्री करत होते. आत्या जेवून आतल्या खोलीत कॉटवर आडवी झाली होती. मामा दारात सुपारी कातरत बसले होते. झबली घडी घालून ठेवायला मी आत गेले आणि तिथंच उभी राहिले. आत्याचा श्वास संथ चालला होता, तोंड अर्धवट उघडं, गाढ झोपेत होती. पायथ्याशी चादर हलत होती. डावीकडं चांगली, ठसक्यात. थोड्या वेळानं उजवीकडं, अगदी थोडी. पुन्हा डावीकडं. पुन्हा उजवीकडं.

मामा माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी चादरीकडं बघितलं. "झोपंत बी सोडंना ही," ते म्हणाले. "पाय शांत ठेव म्हनावं का तिला? दमंल."

"हलू देत," मी म्हणाले.